माळावरची आखणी

आकाराम लढाईवरून परत आला तो दोन्ही हात, दोन्ही पाय आणि छातीवर दोन बिल्ले घेऊन. घरच्यांनी ग्रामदेवतेला नारळ फोडला आणि सुटलो एकदाचे म्हणून निर्धास्त झाले. पण सहा महिने झाले तरी हा गडी बांधावरून चालताना नजर खाली लावूनच चालायचा. नांगर धरायला तर त्यानं साफ नकार दिला. का म्हणून विचारलं की उठून गोठ्यात जायचा. शेवटी त्याची बायको रंगूबाई कंटाळून म्हणाली, "आवं, मग सांगलीला तरी जावा. तिथं डांबरी रस्तं हायती म्हणं."

डांबरी रस्त्याच्या आशेनं तो वाळव्याकडून सांगलीला आला, आणि नशिबाची गंमत बघा, त्याला काम मिळालं ते रस्ता नसलेल्या जागी. साल सेहेचाळीस. विश्रामबागेच्या पलीकडं उघड्या माळावर, तोवर भाड्याच्या जागेत चालणाऱ्या एका नवीन कॉलेजची इमारत उभी राहायची होती. मिरजेच्या सडकेपासून कॉलेजच्या जागेपर्यंत रस्ता काढायचा, त्याची आखणी करायची. आखणीचं काम गंगाधरपंत नावाच्या वाईच्या एका ओव्हरसियरांकडं होतं. सरकारी नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले, बारीक अंगाचे, डोक्यावर काळी टोपी, आणि हातातली वही कधी खाली न ठेवणारे. त्यांना मोजणीची साखळी धरायला आणि खुंट्या मारायला दोन माणसं हवी होती. एक जोतीराम आधीच होता, बुधगावचा, सदा बडबडा. दुसरा आकाराम.

"पलटणीत काय करत होतास?" पंतांनी विचारलं.

"सॅपर हुतो जी. खडकीचा. रस्तं-पूल करनारी पलटन."

"म्हणजे आखणी माहीत आहे."

"व्हय," आकाराम म्हणाला. बाकीचं त्यानं सांगितलं नाही.

काम तसं सोपं होतं. पंत तिकाटण्यावरच्या दुर्बिणीतून बघायचे आणि हात डावीकडं नाहीतर उजवीकडं हलवायचे. आकारामनं झेंडीची काठी घेऊन पुढं जायचं, पंतांचा हात खाली पडला की तिथं खुंटी ठोकायची. मग जोतीरामनं साखळी ताणायची. शंभर फुटांवर एक खुंटी. म्हणजे सगळ्यांच्या पुढं, गवतातून, कुणाचं पाऊल न पडलेल्या जमिनीवरून चालायचं ते आकारामनं.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत त्याचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. कार्तिकातली थंड हवा होती तरी. दुसऱ्या दिवशी तो लोहाराकडून हातभर लांब सळई घेऊन आला. प्रत्येक पाऊल टाकायच्या आधी गुडघ्यावर बसायचं, सळई तिरकी धरून जमिनीत हलकेच खुपसायची, मग तळहाताएवढं पुढं सरकायचं. शंभर फुटांना तासभर लागायला लागला.

जोतीरामची हसून हसून मुरकुंडी वळायची. "आरं गड्या, रस्ता काढतुयास का भुईमूग?"

पंत मात्र हसत नव्हते. कॉलेजच्या प्रिन्सिपॉलांनी त्यांना पुढच्या रविवारची मुदत घातली होती. त्या दिवशी कमिटीची मंडळी आणि शे-पन्नास विद्यार्थी आखलेल्या रेषेवरून चालत जाऊन जागा बघणार होते. सोमवारपासून मुरुमाच्या गाड्या त्याच रेषेवरून सुटायच्या होत्या.

"आकाराम, ही काय तऱ्हा? साप आहेत का इथं?"

"न्हाई जी."

"मग?"

आकारामनं सळई पुन्हा जमिनीत खुपसली. उद्या आपल्याला घरी पाठवतील, रंगूबाईला काय सांगायचं, या काळजीनं त्याला जेवण गेलं नाही. पण सकाळी माळावर पाय ठेवताच हात आपोआप सळईकडं गेला.

चौदाव्या खुंटीची जागा एका उंच कुसळी गवताच्या पट्ट्यात येत होती. आकारामनं सळई खुपसली. ती वीतभर माती कापत गेली, खर्रकन दगडाला घासली आणि मग एकदम मोकळी सुटली. खाली काही नव्हतंच. मूठ जमिनीला टेकली.

आकाराम तिथंच थिजला. मग त्यानं डावा हात उंच केला आणि ओरडला, "हलू नगासा कुणी!"

"काय घावलं रं? भुईमूग?" जोतीराम साखळी टाकून चालत येऊ लागला.

"मागं हो! जोतीराम, मागं हो म्हनतुया!"

असा आवाज जोतीरामनं त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. तो उचललेला पाय तसाच धरून उभा राहिला. आकाराम पोटावर आडवा झाला आणि हातानं माती बाजूला करू लागला. दगडी झाकणाची कड दिसली. झाकण मधोमध चिरलेलं होतं, वर निव्वळ गवताच्या मुळ्यांचा आधार. त्यानं एक खडा आत सोडला. बऱ्याच वेळानं खालून बारीकसा आवाज आला.

ते पेव होतं. हरिपूरकडं हळद साठवायला जमिनीत अशी पेवं खणतात, वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि खाली खोलीएवढं पोट. या माळावर कुणी, कधी खणलं होतं कोण जाणे. पंतांनी दोरीला कंदील बांधून आत सोडला. पुरुषभर खाली गेला नाही तोच कंदील विझला.

"हवा विषारी आहे," पंत म्हणाले आणि टोपी काढून गवतावर बसले. त्यांच्या रेषेचा बरोबर मध्य त्या तोंडावरून जात होता. मुरुमाची भरली गाडी, बैल, गाडीवान...

हरिपूरहून तात्याबा नावाच्या जुन्या जाणत्या म्हाताऱ्याला बोलावलं. हयातभर त्यानं पेवं भरली होती. त्यानं माळावर काठी टेकत एक चक्कर मारली. "एकच पेव कोन खणतंय व्हय? आजून असत्याली. समदी धरून तीन, न्हाईतर चार. कुठं ते मातुर मला न्हाई सांगता यायचं."

त्या दिवसापासून जोतीराम हसायचा थांबला. त्यानं स्वतःहून दुसरी सळई आणली आणि आकारामला म्हणाला, "दाव मला कशी धरायची ती."

तीन दिवस दोघं गुडघ्यांवर सरकत, आता हाता-हातावर टोचत होते; पेवाच्या तोंडाला तेवढं पुरे होतं. आणखी दोन पेवं सापडली. पंतांनी रेषा पूर्वेला चाळीस फूट हलवली. जुनी आकडेमोड खोडली, नवी केली, आणि नवी रेषाही आकारामनं जोतीरामला बरोबर घेऊन हातभर रुंदीनं नव्हे, पुरी वीस फूट रुंदीनं तपासली. शनिवारी दुपारी शेवटची खुंटी ठोकून झाली. पंत बाभळीखाली वही उघडून बसले होते.

"बोल आकाराम. रेषा साफ आहे ना? तसं लिहितो. खाली तुझंही नाव घालतो."

आकारामनं खुंट्या ठोकायची मोगरी खाली ठेवली.

"तेवढं लिवू नगा, पंत."

"का? अजून शंका आहे कुठं?"

"शंका न्हाई. पर साफ हाय असं मी एकदा बोललो हुतो."

मग बाभळीखाली उकिडवा बसून त्यानं सांगितलं. इटलीत एका नदीच्या काठी त्यांच्या तुकडीनं सुरुंग काढले होते. कानाला लावायचं यंत्र असायचं, लोखंड असलं की ते वाजायचं. पण शत्रूनं लाकडी पेट्यांतले सुरुंगही पेरले होते आणि त्यांना यंत्र वाजत नसे. ते शोधायचे संगिनीच्या टोकानं, वीत-वीत जमीन टोचून. आकारामनं एक वाट टोचून काढली, दोन्ही कडांना पांढरी फीत लावली आणि साहेबाला सांगितलं, साफ. त्या वाटेवरून पहिला चालला तो दादासो. शिराळ्याचा. खडकीपासून दोघं एका ताटात जेवलेले.

"अठरा पावलं गेला," आकाराम म्हणाला. "मी मोजत हुतो."

जोतीराम खाली मान घालून कुसळं उपटत होता. पंतांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला. त्यांना समजूत घालायला जमत नसे, आणि त्यांनी तसा प्रयत्नही केला नाही.

"मग मी काय लिहू, ते तूच सांग."

"आकारामनं तपासली, एवढंच लिवा. आन् उद्या मंडळी येत्याली तवा म्होरं मी चालनार. त्या येळंला इटलीत मी कडंला हुबा हुतो."

पंतांनी तसंच लिहिलं.

रविवारी सकाळी मंडळी जमली. प्रिन्सिपॉल, उपरणी घेतलेले कमिटीचे सभासद, आणि मागं विद्यार्थ्यांचा घोळका. पंतांनी सगळ्यांना सांगितलं की या माणसाच्या पुढं कुणी पाऊल टाकायचं नाही. आकाराम निघाला. हातात सळई नव्हती. पंतांनी विचारलं होतं, पण त्यानं मुद्दाम घेतली नव्हती. वीस फूट रुंद जमीन टोचून झाली आहे, हे त्याला माहीत होतं. पायांना ते माहीत नव्हतं.

पहिल्या पाच खुंट्या गेल्या. सहा, सात. मागं कुणी तरी इमारतीच्या दगडाबद्दल बोलत होतं. चौदाव्या खुंटीच्या जरा अलीकडं, जुनं पेव डावीकडं चाळीस फुटांवर असताना, त्याचे पाय थांबले. उचलेनात. मागची सगळी माणसं थांबली.

"काय झालं? काही आहे का तिथं?" प्रिन्सिपॉलांनी विचारलं.

काही नव्हतं. आकारामनं मान हलवून तेवढं सांगितलं. एवढी माणसं पाठीशी, आणि एकाच्या जरी पायाखालची माती सुटली तर?

तेवढ्यात गवतात पावलं वाजली. जोतीराम रांग सोडून पुढं आला आणि त्याच्या शेजारी उभा राहिला.

"मागं हो," आकाराम पुटपुटला. "म्होरं यायचं न्हाई म्हून सांगितलं न्हवं?"

"सांगितलं की. पर ह्यो तुकडा मीबी टोचलाय. तुज्याएवढाच."

"जोतीराम, चेष्टा न्हाई ही."

"मी कुठं करतुया? चल गड्या, दोघं जाऊ."

आकारामनं त्याच्याकडं बघितलं. जोतीरामच्या वरच्या ओठावर घाम होता. तोही भ्यालेला होता आणि तरी आला होता. आकारामनं उजवा पाय उचलला आणि टाकला. मग डावा. चौदावी खुंटी आली नि मागं गेली. उरलेल्या सहा खुंट्या कशा गेल्या हे त्याला नंतर आठवलं नाही. कॉलेजच्या पायाच्या दगडापाशी पोचल्यावर मंडळी टाळ्या वाजवून जागेचं कौतुक करू लागली. आकाराम चुन्याच्या ढिगाआड जाऊन ओकला. पंतांनी त्याला स्वतःच्या तांब्यातून पाणी दिलं.

सोमवारी गाड्या सुटल्या. पेवं दगडमातीनं भरून घेतली. पुढं पावसाळ्याच्या तोंडावर रस्ता पुरा झाला आणि पंतांच्या शिफारशीनं आकाराम रस्त्याच्या खात्यात मुकादम म्हणून लागला. तिथं त्यानं बरीच वर्षं काढली. पाऊल टाकताना खाली बघायची खोड काही गेली नाही.

पण त्याआधी, आखणी संपल्यावर आलेल्या मार्गशीर्षात, तो मोटारीनं शिराळ्याला गेला. लढाईवरून आल्यापासून त्यानं ते गाव टाळलं होतं. दादासोची बायको राहीबाई घराच्या ओट्यावर तूर पाखडत होती. त्यानं नाव सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं आणि पाणी आणून दिलं.

आकारामनं पाण्याला हात लावला नाही. आधी सगळं सांगितलं. वाट आपण तपासली होती, साफ हाय असं आपणच बोललो होतो. शब्द उलटसुलट झाले, पण एकही वगळला नाही.

राहीबाई ऐकत राहिली. आता ही उठून आत जाईल, नाहीतर शिव्या देईल, असं त्याला वाटत होतं. त्याची तयारी होती.

"लगीच गेलं का ते?" तिनं विचारलं. "साहेबाच्या कागदात लगीच गेलं म्हून हुतं."

खोटं बोलणं सोपं होतं. "न्हाई," आकाराम म्हणाला. "घटकाभर हुता."

"जवळ कोन हुतं?"

"मी हुतो. डोस्कं माज्या मांडीवर हुतं."

तिनं पदर तोंडाला लावला. ओट्यावर कोंबड्या येऊन तूर टिपू लागल्या तरी तिनं त्यांना हाकललं नाही.

"दीड वरीस मला वाटतंय," ती शेवटी म्हणाली, "परमुलखात येकलं पडलं आसत्याल. येकलं. त्येच लागून राह्यलं हुतं जीवाला."

माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि त्यानं मागितलंही नाही. तिनं कोंबड्या हाकलल्या आणि विचारलं, "काय म्हनलं का ते? शेवटाला?"

"म्हनला की," आकाराम म्हणाला, आणि ओट्यावर नीट मांडी घालून बसला. सांगायला बरंच होतं. परतीची मोटार निघून गेली.