बॉयलरचा बोजा

झ्लात्का द्रागोवा आमच्या कारखान्यात हिशोबनीस होती. बल्गेरियातल्या मारित्सा नदीकाठच्या या कारखान्यात लाल मिरच्या भाजून त्यांची चटणी बरण्यांत भरत आणि मटार डबाबंद करत. मी बॉयलरवर होतो.

शहाण्णव साली संचालक बोझ्कोव यांनी जाहीर केलं, की चटणी तोट्यात आहे, तो विभाग विकायचा. तिथल्या साठ बायका घरी बसणार होत्या. झ्लात्काचं डोकंच फिरलं. बॉयलरचा खर्च माणसांच्या संख्येवर वाटायचा, ही सरकारी नियोजनाच्या काळातली पद्धत अजून चालू होती. मटारावर यंत्रं आणि सहा माणसं, म्हणून जवळजवळ सगळा बोजा मिरचीवर. पूर्वी तोटा सरकार भरायचं, त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं.

ती वही घेऊन माझ्याकडे आली. "नायदेन, वाफ कुठे किती जाते?"

"तीन वाटे मटाराला, एक मिरचीला. वीस वर्षांत हे विचारणारी तूच पहिली."

तीन आठवडे ती रोज घामाघूम होत मीटर वाचत राहिली. नव्या मांडणीत चटणी चांगली नफ्यात निघाली, मटार बुडीत. तिने कागद बोझ्कोवांसमोर ठेवला.

"बाई, तुम्ही बेरजा करा. धोरण आम्ही ठरवू."

"चुकीच्या बेरजेवर?"

"विक्रीवर सही झालीय."

"कुणाला विकला?"

त्यांनी कागद तिच्याकडे परत सरकवला. घेणारा त्यांचाच साडू होता.

दुपारी कँटीनमध्ये झ्लात्का खुर्चीवर चढली आणि तो कागद तिने मोठ्याने वाचला. घेवड्याचं सूप वाडग्यांतच थंड झालं. बायका उठल्या त्या थेट फाटकात जाऊन बसल्या. चार दिवस एक ट्रक बाहेर पडला नाही. पाचव्या दिवशी पोलीस आले, त्यांनी बायकांना दंडाला धरून उठवलं आणि चटणीची यंत्रं ट्रकांतून बाहेर गेली. झ्लात्काला त्याच दिवशी काढलं.

पुढच्या शरदात साडूची चटणी सोफियात धडाक्याने खपत होती. इकडे बॉयलरचा सगळा बोजा अंगावर येऊन त्यानंतरच्या वसंतात मटार बंद पडला, त्याबरोबर मीही घरी.

झ्लात्का प्लोवदिवच्या एका दुग्धशाळेत मुलाखतीला गेली, तेव्हा तिनेच आधी विचारलं, "सामायिक खर्च कसा वाटता?" "माणसांच्या संख्येवर," उत्तर आलं. तिथेही ती भडकली. तरी त्यांनी तिला ठेवून घेतलं.