एका सहीसाठी सटाणा

नाशिकहून सटाण्याला लोक कांद्याच्या सौद्याला जातात, डाळिंबं आणायला जातात, सोयरिकीला जातात. मी गेले झेरॉक्सच्या परवान्याला. हसू नका, पुढे वाचा.

इंदिरानगरला आमचं छोटंसं प्रकाशन आहे. म्हणजे मी, नवरा आणि एक गोडाउन. मागच्या महिन्यात एका हॉटेलात प्रकाशकांची सभा होती. टाय लावून आलेल्या एका साहेबांनी तिथे सामूहिक परवाना समजावून सांगितला. लेखक-प्रकाशकांनी आपल्या पुस्तकांच्या झेरॉक्सचा हक्क एका संस्थेच्या हाती सोपवायचा. संस्था कॉलेजांना आणि झेरॉक्सवाल्यांना वर्षाचा परवाना देणार, फी घेणार, आणि कशाच्या किती प्रती निघाल्या याचा नमुना पाहून ते पैसे आपल्यात वाटणार. प्रत्येक दुकानदाराच्या मागे आपण एकेकट्यानं धावायला नको. ऐकताना मला तर गहिवरूनच आलं! कारण आमचं डाळिंबाच्या रोगांवरचं पुस्तक सगळ्या बागलाणात, म्हणजे सटाण्याच्या तालुक्यात, झेरॉक्स होऊन फिरतं, आणि छापील गठ्ठे गोडाउनात उंदीर वाचतात. परवान्याचे चार पैसे आले तर दुसरी आवृत्ती निघणार, नाहीतर पुस्तकाचा कारभार आटोपला. अडचण एकच, लेखकाची सही. आमच्या करारात झेरॉक्सचा शब्दही नव्हता.

लेखक म्हणजे खैरनार सर. शेतकी शाळेतून निवृत्त, मुक्काम सटाणा.

"फोनवर माग की सही," नवरा म्हणाला.

"सही फोनवर मागत नाहीत रे. समोर बसून, दोनदा चहा पिऊन मागतात."

एसटीनं निघाले. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा मैत्रिणींनो, पेट्रोलच्या भानगडीत पडू नका. ओझरपर्यंत बस कारखान्याच्या माणसांनी गच्च, मग पिंपळगावपासून पाय पसरायला जागा. सोग्रस फाट्याला बस डावीकडे वळते आणि खरी मजा सुरू होते. भावडबारीचा घाट तो केवढा, पण आमच्या ड्रायव्हरनं तो असा घेतला की माझ्या शेजारच्या आजींनी सगळ्या देवांना एकदम कामाला लावलं. देवळ्याला मिसळ खा. तर्री जपून मागा, कारण ते 'थोडी' म्हणून जी घालतात तिनं माझे कान गरम झाले. पुढे कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे बस रांगत गेली.

सटाण्यात उतरल्यावर आधी गुन्ह्याची जागा पाहू म्हटलं. स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात एक ताई मशीन चालवत होत्या. मी साळसूदपणे विचारलं, "डाळिंबाचं पुस्तक मिळेल का हो?"

त्यांनी लगेच स्पायरल घातलेली एक प्रत पुढे टाकली.

"पण हे पुस्तक दुकानात छापील मिळतं ना?" मी.

"दुकानमा भेटस ते जुनं शे. हाई नवं शे. सर सोता लिखी देतस," ताई अहिराणीत म्हणाल्या.

मी पानं उलटली. समासात सगळीकडे सरांचं अक्षर. जुने उपाय आडव्या रेघेनं खोडलेले, शेजारी नवे लिहिलेले, शेवटी हातानं लिहिलेली जास्तीची पानं. माझ्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती केव्हाच निघाली होती. फक्त मला कुणी कळवलं नव्हतं.

सरांच्या घरी पोचले ती तणतणतच. त्यांनी आधी शेवभाजी-भाकरीला बसवलं. फार झकास होती, पण मी कौतुक केलं नाही.

"सर, झेरॉक्सवालीला प्रत तुम्ही दिलीत?"

"मग कोण देणार? दरवर्षी दुसऱ्या आवृत्तीचं विचारतो. तुम्ही म्हणता, पहिली खपू द्या."

"झेरॉक्समुळेच खपत नाही ना!"

"आणि तुम्ही छापत नाही म्हणून झेरॉक्स."

मी संस्थेचा कागद पुढे केला आणि परवाना समजावला. एखाद्या प्रकरणाची प्रत काढता येते, सबंध पुस्तकाची नाही, हेही सांगितलं.

"म्हणजे शेतकऱ्याच्या पोरानं तेल्या रोगाचं प्रकरण न्यायचं," सर म्हणाले, "आणि बागेत निघाला मर रोग, तर त्या प्रकरणासाठी परत एसटी पकडायची?"

मी हसले. सर हसले नाहीत.

"ताई, छापील पुस्तकातला तेल्याचा इलाज मी आता कुणाला सांगत नाही. तो करून एखाद्याची बाग गेली तर शिव्या मला बसतील, तुमच्या संस्थेला नाही. त्याच पानांच्या झेरॉक्सला परवाना द्यायला मी सही करू? नवं छापा. त्या दिवशी करतो."

मला राग आला. ते खरं बोलत होते म्हणून जास्तच आला.

परत स्टँडवर. नवं छापायचं तर मजकूर हवा, आणि तो होता एकाच ठिकाणी. झेरॉक्सवाल्या ताईंनी विचारलं, "पूर्ण?"

"पूर्ण," मी म्हटलं, आणि स्वतःचंच पुस्तक मशीनमधून गरम गरम बाहेर येताना बघत उभी राहिले. स्पायरल त्यांनी फुकट घालून दिलं.

घरी आल्यावर टायवाल्या साहेबांना फोन केला, सही लांबली म्हणून. दुरुस्त्यांची झेरॉक्स आणलीय, उद्याच छपाईची तयारी सुरू करते, असंही उत्साहात सांगून बसले.

"मॅडम, त्या नव्या मजकुराचा हक्क लेखकाचा," ते फार प्रेमानं म्हणाले. "त्यांची परवानगी घेतलीत?"

नवरा सोफ्यावर आडवा पडून हसत होता. अख्ख्या सटाण्यात विनापरवाना प्रत काढणारी चोर सापडली ती मी!

निमूटपणे सरांना फोन लावला. "सर, तुमच्या दुरुस्त्या छापू का?"

"छापा की. पण त्या जुन्या गठ्ठ्यांचं काय करणार? विकणार?"

दुसऱ्या आवृत्तीचा खर्च काढायचा तर तेच गठ्ठे विकायचे, असं मी येताना बसमध्येच ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी रद्दीवाल्याला बोलावलं. गठ्ठे मीच काट्यावर चढवले. त्यानं विचारलं, "ताई, एवढं कोरं करकरीत पुस्तक, एखादं ठेवून घेऊ का? माझ्या भावाची डाळिंबाची बाग आहे."

"नको," मी म्हटलं आणि सटाण्याच्या झेरॉक्सच्या दुकानाचा पत्ता लिहून दिला.