भिलाईचं पिंपळपान आणि माझे पाच ठिपके

मितूच्या फोनवर तिच्या नानीचा फोटो आहे. फोन उघडला की इंदुबाई दिसतात, डोळ्याले चष्मा, हातात कानस. माझा फोटो कुठं आहे म्हणून विचारलं तर म्हणते, "आजी, तुझे तर गॅलरीत किती आहेत." गॅलरीत म्हणजे आत. शोधल्याशिवाय दिसत नाहीत.

म्हणून मी भिलाईले गेली. लोक देवदर्शनाले जातात, हवापालट करायले जातात. मी जळून गेली.

मितू म्हणजे माझ्या लेकाची लेक, संघमित्रा. आम्ही नागपूरचे. तिची नानी भिलाईची, माझी विहीण. आमच्याकडं विहिणीले इनबाई म्हणतात. इवाई, म्हणजे व्याही, कारखान्यात फिटर होते, रिटायर झाल्यावर तिथंच राहिले. मितूले चामड्याच्या पर्सा, बेल्ट करायचा नाद लागला आणि त्यावर नक्षी दाबायचे ठसे तिले नानी घरीच करून देते, जुन्या बोल्टांचे. आता ही पोरगी शिकायले पुण्याले जाणार. जायच्या आधी स्वतःसाठी एक चामड्याची झोळी करणार, तेही भिलाईले बसून, नानीच्या ठशांनी. लहानपणापासून माझ्या कुशीत झोपलेली पोरगी, आणि खांद्यावर वागवणार दुसऱ्या आजीचं. मी म्हणलं, मी पण येते.

"तू काय करशील तिथं?"

"पाहीन."

तुमच्यापैकी कोणाले जायचं असलं तर सकाळची गाडी धरा. नागपूरहून दुर्गपर्यंत चार-पाच तास लागतात. गोंदियाले चहा मिळते, पण मी घरचाच नेला होता. डोंगरगडची टेकडी दिसली की आवराआवर करायले लागा, नाहीतर शेवटी चप्पल सापडत नाही. माझी एक सीटखाली पार पलीकडं गेली होती, एका फौजीनं काढून दिली. दुर्गले उतरलं की बाहेर भिलाईचे शेअर ऑटो उभे असतात. माणशी थोडेच पैसे घेतात, पण बसवतात दाटीनं. गुडघे दुखत असतील तर समोर ड्रायव्हरजवळ बसू नका.

भिलाईचे रस्ते सरळ आणि रुंद, दोन्हीकडं झाडं. सेक्टरमधली घरं सारखी दिसतात, म्हणून पत्ता नीट लिहून न्या. इनबाईचं घर मात्र मले आवाजानं कळलं. आत कानस चालून राहिली होती.

"जय भीम, इनबाई. या, या. बसा."

आणि खुर्ची. ती खुर्ची मी जन्मभर विसरणार नाही. आमच्या लोकांत मुलाची आई सुनेच्या माहेरी आली की तिले कामाले हात लावू देत नाहीत, मान असते तो. एरवी मले हा मान आवडते. पण इथं मितू नानीच्या बाजूले स्टुलावर बसली, दोघींची डोकी एका बोल्टावर, आणि मी पंख्याखाली चहाचा कप घेऊन.

"मी पकडू का काही?"

"तुम्ही कावून पकडता, इनबाई? तुम्ही बसा."

दुसऱ्या दिवशी आम्ही हथखोजले गेलो. तिथं लहान कारखाने आहेत आणि कबाडीची दुकानं. जुने बोल्ट किलोवर मिळतात. इनबाई एकेक बोल्ट उचलून त्याच्या डोक्यावर कानशीचा एक घासा मारून पाहत होत्या. जिथं कानस घसरली तो परत ढिगात. "जास्त कडक असला तर चालत नाही, आजी," मितू मले समजावून सांगायले लागली, जशी काही मी शाळेत नवीन आली. मी उचललेला बोल्ट चमकदार होता, छान होता. इनबाईनं तो न घासताच ठेवून दिला. मी गुपचूप पर्समध्ये टाकला आणि कबाडीवाल्याले वेगळे पैसे दिले.

घरी आल्यावर त्यांचं काम पाहिलं. आता तोंडानं म्हणायले जड जाते, पण बाईचा हात चांगला आहे. बोल्ट वाइसमध्ये, म्हणजे लोखंडी पकडीत, आवळायचा, डोकं सपाट करायचं, त्यावर पेनानं पान काढायचं आणि तिकोनी कानशीनं भोवतालचं घासत जायचं. मग पॉलिश पेपरनं कडा मोडायच्या. धार राहिली तर चामडं कापल्या जाते. चामडं पण कोणतंही चालत नाही, झाडाच्या सालीत कमावलेलं लागते. ते रायपूरहून आणतात, म्हणून मोजकंच असते. ओल्या स्पंजानं पुसायचं, वरचं पाणी सुकू द्यायचं, अन् ठसा ठेवून मोगरी हाणायची. इनबाईनं हाणली. पिंपळाचं पान उमटलं, शिरांसकट, शेपटीसकट. मितूनं नानीचा हातच चुमला.

मी खुर्चीतून म्हणलं, "शेपूट जरा वाकडी आहे."

इनबाईनं पुढचा बोल्ट वाइसमध्ये आवळला.

तिसऱ्या दिवशी सकाळी इनबाई स्वयंपाकघरात चिले टाकून राहिल्या होत्या. तांदळाच्या पिठाचे, धिरड्यासारखे, सोबत टमाटरची चटणी. भिलाईले गेलात तर ते खाच. मितू आंघोळीले गेलती. झोळीचा पट्टा सपाट दगडावर ओला करून ठेवलेला. नक्षी दाबायची म्हणूनच ठेवला होता. स्टूल रिकामं होतं.

माझ्या मनगटावर पाच ठिपके गोंदलेले आहेत. चार कोपऱ्याले, एक मधात. मितू लहान होती तेव्हा अंगठ्यानं ते ठिपके चाचपत झोपायची. ठिपके सरले की पुन्हा पहिल्यापासून. मी पर्समधला बोल्ट काढला, वाइसमध्ये आवळला आणि टोकदार पंचानं पाच टोचे मारले, जसे सुईनं मारतात तसे. खोल मारले. पट्ट्याचं एक टोक माझ्याकडं होतं. ठसा ठेवला आणि मोगरी हाणली.

आवाजानं दोघी धावत आल्या. एकीच्या हातात उलथनं, दुसरीच्या डोक्याले टॉवेल.

"आजी, हे काय केलं? आधी तुकड्यावर पाहतात ना. एकच पट्टा आहे माझ्याजवळ."

मी ठसा उचलला. ठिपके आत जायले पाहिजे होते. इथं उलटच झालं. गोल डबकं पडलं आणि त्यात पाच दाणे वर उभे, मसुरीसारखे.

"गोंदण आत जाते," मी म्हणलं. "हे वर आलं."

इनबाईनं चष्मा लावला. "बोल्टात जे कोरलं ते चामड्यावर उभं राहते, इनबाई. बाकीचं दबते. मले विचारलं असतं तर सांगतलं असतं."

"तुमाले विचारलं असतं तर तुम्ही चहा दिला असता."

इनबाई माझ्याकडं पाहतच राहिल्या. मग उलथनं तोंडावर धरून अशा हसल्या की चिला जळल्याचा वास आला तरी कोणी हललं नाही.

मितू हसली नाही. पोरगी पट्टा उचलून पाहत होती. मग तिनं अंगठा त्या दाण्यांवरून फिरवला. एक, दोन, तीन, चार, मधला. पुन्हा पहिल्यापासून.

"नानी, ये तो आजी का हाथ है," ती म्हणाली.

मग ठरलं की बक्कलाकडून नानीचं पान येईल आणि त्या टोकाकडून माझे दाणे. जिथं भेटतील तिथं भेटतील. मले स्टूल मिळालं. चिले आणायले इवाई गेले आणि जळलेला माझ्याच ताटात आला. मान संपला होता.

"पट्टा बक्कलापासून सुरू होते," इनबाई ठोकता ठोकता म्हणल्या.

"बक्कल तर मागून लावतात. संपते तिथं लावतात."

निघायच्या सकाळी मले लवकर जाग आली. वाइसजवळ इनबाई एकट्याच बसल्या होत्या. नवा बोल्ट, हातात पंच. पानाच्या शिरांवर टोचे मारून पाहत होत्या. मी परत जाऊन पडली. एवढी गाढ झोप मले तिथं एकही रात्र लागली नव्हती.

आता नागपूरले येऊन बरेच दिवस झाले. माझा बोल्ट मी देव्हाऱ्यात नाही ठेवला, आमच्याकडं देव्हारा नाही, पण बुद्धाच्या फोटोखालच्या फळीवर ठेवला. कोणी आलं की दाखवते. कणकेवर दाबला की छान उठते, एक दिवस सगळ्या पोळ्यांवर दाबला तर लेक म्हणे, आई, आता बस.

काल मितूनं पुण्याहून फोटो पाठवला. कॉलेजच्या फाटकासमोर उभी, खांद्यावर झोळी. मी बोटांनी मोठा करून पाहिला. समोर सगळी पानंच पानं. माझे दाणे पाठीमागं गेले.

मी लगेच फोन लावला. जेवण झालं का, खोली कशी आहे, सगळं विचारलं. मग म्हणलं, "माय, पट्टा फिरवून घे आणि आणखी एक फोटो काढ. नानीले पण पाठव."