आप्पांचं पिवळं पाणी

सुरुवातीलाच माफी मागतो. मी डॉक्टर नाही, लेखकही नाही. तळोद्याच्या एका घरातला कॉलेजात जाणारा पहिला मुलगा आहे, लोणखेड्याला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. घरात बोलणं अहिराणी, त्यामुळे लिहितानाचं मराठी अजूनही उसनं वाटतं. आजारावर लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. पण दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मी फोनमध्ये या आजाराची माहिती शोधत होतो, तेव्हा आपल्या भाषेत एक ओळ सापडली नाही. उद्या दुसरं कुणी तसंच शोधत असेल. त्याच्यासाठी लिहितो.

नंदुरबारच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला, तेव्हा मी आणि माय समोर उभे होतो. एक्स-रेमध्ये आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, दोन्ही फुप्फुसं कापूस भरल्यासारखी पांढरी दिसत होती.

"हा साधा न्यूमोनिया वाटत नाही," डॉक्टर म्हणाले. "पल्मनरी एडिमा आहे. म्हणजे फुप्फुसात पाणी झिरपलंय. काल कसला धूर गेला का यांच्या छातीत? काम काय करतात?"

माय म्हणाली, "सोनारकाम." एवढंच. आमच्या धंद्यात घरी सोनं असतं हे परक्याला सांगायचं नसतं. ती सवय तिच्या तोंडात बसलेली. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू सांग. तुले नाव येस त्या धूरनं."

मी सांगितलं. नायट्रिक ॲसिड. नायट्रोजन डायऑक्साइड. कॉलेजात ही नावं मी परीक्षेत लिहिली होती. बापाच्या केसपेपरवर ती लिहून घेतली जाताना पाहणं वेगळं असतं.

आप्पा गलाईचं काम करायचे. गलाई म्हणजे जुने, भेसळीचे दागिने तेजाबात, म्हणजे ॲसिडमध्ये, विरघळवून त्यातलं शुद्ध सोनं वेगळं काढणं. तरुणपणी सांगलीकडून आलेल्या एका गलाईवाल्याच्या हाताखाली ते शिकले. आधी नुसत्या नायट्रिक ॲसिडमध्ये चांदी आणि तांबं जातं. मग नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड एकत्र केलं की त्यात सोनंही विरघळतं. भांड्यात उरतं पिवळं पाणी. ते गाळून त्यात एक पावडर टाकली की सोनं हळूहळू तपकिरी चिखलासारखं तळाशी बसतं. तो चिखल धुऊन वितळवला की पुन्हा झळाळतं.

या कामात आप्पांचा एक नियम होता. त्यांच्या उस्तादाकडून आलेला. ज्याचं सोनं, त्याने दारासमोर ओट्यावर बसायचं. आणि गलाईवाल्याने सोनं तळाशी बसेपर्यंत जागेवरून उठायचं नाही. कारण पाण्यात गेलेलं सोनं कुणाचं, हे ओळखायला काही खूण राहत नाही. "पिवळं पानी आपलं नाव सांगत नही," आप्पा म्हणायचे. "बठस तोवर उठानं नही." सोनं बसेपर्यंत उठायचं नाही. सकाळपासून जेवण नाही, लघवी नाही, असे ते बसलेले मी लहानपणापासून पाहिले आहेत. गिऱ्हाईक ओट्यावर पेंगायचं, पण आप्पा बसलेले.

त्या दिवशी ओट्यावर शांताकाकू होत्या. तापीकाठच्या गावच्या, गुजर घरातल्या. त्यांच्या आईच्या जुन्या पाटल्या होत्या. मुलीच्या लग्नात त्याच सोन्याचं काही करायचं म्हणून त्या स्वतः घेऊन आल्या होत्या. आप्पांना त्या भाऊ म्हणत. पुढचं मला त्यांनीच सांगितलं, कारण मी होस्टेलवर होतो.

भांड्यात ॲसिड उकळत होतं आणि लाईट गेली. एक्झॉस्ट पंखा थांबला. खोलीत तांबूस-नारिंगी धूर भरत गेला. शांताकाकूंना ठसका लागला तेव्हा आप्पा आतून ओरडले, "ताई, तुम्ही रस्तानं तथीन जाई बठा. मी आठेच शे."

"अहो भाऊ, तुम्ही बी या ना बाहेर!"

"तुमनं सोनं पानीमा शे ना!"

त्यांनी उपरणं ओलं करून तोंडाला बांधलं आणि बसून राहिले. ओल्या कापडाने हा वायू पुरेसा अडत नाही, हे मला आज माहीत आहे.

शेवटी खोकल्याने त्यांना बसवेना, तेव्हा शांताकाकूच आत शिरल्या आणि दंडाला धरून त्यांना बाहेर आणलं. सोनं अजून पाण्यातच होतं. आप्पांनी भांड्यावर काच झाकली, वर कापड बांधलं, गाठ शांताकाकूंना मारायला लावली, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ते सोनं बसायच्या आधी उठले होते.

मग त्यांनी गुळाचा खडा खाल्ला. आमच्याकडे धुराचं काम करणारे सगळे हेच करतात. गूळ खाल्ला, वर दूध प्यालं, की छाती साफ होते असं मानतात. आणि खरंच त्यांना बरं वाटलं. जेवले. मायला म्हणाले, "काई नही व्हयनं माले."

वाचणाऱ्यांना माझी पहिली विनंती इथे आहे. हा धूर लगेच मारत नाही. तो माणसाला काही तास बरं वाटू देतो आणि तेवढ्यात आत फुप्फुसं भिजत जातात. गुळावर थांबू नका. बरं वाटत असलं तरी माणसाला दवाखान्यात न्या आणि कुठला धूर होता ते पहिल्या वाक्यात सांगा. पहाटे आप्पांना बसल्या जागी श्वास पुरेना, ओठांवर गुलाबी फेस आला. शेजाऱ्यांच्या गाडीतून मायने त्यांना नंदुरबारला आणलं. मी लोणखेड्याहून परस्पर पोचलो.

आयसीयूत त्यांना बायपॅप लावलं. नाकातोंडावर घट्ट मास्क, त्यातून मशीन दाबाने हवा आत ढकलतं. बोलता येत नाही. आप्पा खुणेने काहीतरी विचारत होते. एक हात वाटीसारखा धरायचा, दुसऱ्या हाताची बोटं हळूहळू खाली आणायची. सिस्टरला वाटलं पाणी हवंय. मला कळलं. मी मान हलवून सांगितलं, नाही, अजून नाही बसलं.

बाहेरच्या बाकड्यांवर डोंगरातून जीपने आलेली माणसं असायची. कुणी पावरीत बोलायचं, कुणी भिलीत. एकमेकांचा आजार आम्हाला कळायचा नाही, पण आतून डॉक्टर बाहेर आले की सगळे एकदम उभे राहायचे.

शांताकाकू डबा घेऊन यायच्या. मास्क निघाला त्या दिवशी त्या पलंगाशी बसल्या. आप्पा हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुमनं काम ऱ्हाई गयं."

"मन्हं सोनं काई पळी जात नही," त्या म्हणाल्या. "पानीमा शे, ऱ्हाऊ द्या पानीमा. लगीन पुढला साल शे. पहिले तुम्ही उठा."

"किल्ली सांभाळी ठेवा."

"गळामा बांधी ठेवी शे. मंगळसूत्रपेक्षा जास्त सांभाळस मी तिले. आमना घरमा विचारतंस, ह्या कोन्ता नवा दागिना म्हनीसन."

आप्पा हसले आणि हसण्याने पुन्हा खोकले. सिस्टर रागावल्या. शांताकाकू पदर तोंडाला लावून हसत बाहेर गेल्या. त्या आजारपणातली ती एकच वेळ, जेव्हा आम्ही सगळे एकत्र हसलो.

आप्पा बरे होऊन घरी आले. डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या. स्टिरॉइड म्हणजे आतली सूज उतरवणारं औषध, मनाने बंद करायचं नसतं. माय गोळी हातावर ठेवून समोर उभी राहायची. डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली होती: "काही पेशंटमध्ये काही आठवड्यांनी हा आजार परत डोकं काढतो. दम लागला तर लगेच या. आणि ॲसिडच्या जवळपासही जायचं नाही."

ओट्यावर बसून ते त्या कुलपाकडे बघत राहायचे. मी म्हटलं, आप्पा, मी करतो. अंगणात, मोकळ्या हवेत. कॉलेजात आम्ही करतोच असे प्रयोग.

आजारी माणूस एवढा चिडेल असं वाटलं नव्हतं. "तुले या वासमा बठाडाकरता कॉलेजमा नही धाडं मी!" मग जरा वेळाने, नेहमीच्या चेष्टेच्या आवाजात, "साहेब, तुम्ही पुस्तक वाचा. माले ताकद येऊ द्या. मीच बठाडसू."

ताकद येत होती. बाजारापर्यंत चालून यायचे. मी होस्टेलला परत गेलो. आम्हाला वाटलं, सुटलो.

मग आप्पांना ताप आला, मायने मला बोलावून घेतलं. ओट्याच्या पायऱ्या चढताना ते मधेच थांबू लागले. त्याच दिवशी आम्ही नंदुरबार गाठलं आणि तिथून आम्हाला सुरतला पाठवलं. आमच्याकडचा माणूस मोठ्या आजाराला सुरतच गाठतो. त्या बाकड्यांवर मला शहाद्याचे, नवापूरचे लोक भेटले.

तिथल्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन पाहून आजाराचं नाव सांगितलं. ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स. मला समजलं नाही हे पाहून त्यांनी कागदावर झाड काढलं. खोड म्हणजे श्वासनलिका, फांद्या म्हणजे तिच्या शाखा. मग टोकाच्या अगदी बारीक काड्या एकेक करून खोडल्या. "ये छोटी नलियाँ अंदर से बंद हो रही हैं," ते म्हणाले. वायूने भाजलेल्या जागी व्रण भरतो आणि भरतानाच वाट बुजवतो.

"गोळी चुकली का आमच्याकडून?" मी विचारलं.

"नहीं बेटा. सब ठीक किया आपने." हे वाक्य मी मायला अहिराणीत सांगितलं. ती पुनःपुन्हा सांगायला लावत होती.

व्हेंटिलेटर लावण्याआधी आप्पांनी मला जवळ बोलावलं. व्हेंटिलेटर म्हणजे घशातून नळी घालून मशीनने श्वास देणं. त्यासाठी माणसाला झोपवून ठेवतात. श्वासाश्वासाला थांबत ते म्हणाले, "रघुले सांग. ताईले समोर बठाड. ताईजवळनी किल्लीनंच कुलूप उघडानं."

रघुकाका शहाद्याचे, त्याच उस्तादाकडे शिकलेले. मी फोन केला. ते म्हणाले, निघतोच.

आप्पा झोपले. सिस्टर म्हणाल्या, झोपेतही ऐकू येतं कधीकधी, बोलत जा. भेटायची वेळ मिळाली की मी कानाशी वाकायचो. रघुकाका पोचले, हे सांगितलं. शांताकाकू ओट्यावर बसल्या, हे सांगितलं. पाणी गाळलं, पावडर टाकली, हेही सांगितलं. बारीक सोनं बसायला रात्र लागते. सकाळी कळेल, आप्पा.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना एवढंच म्हणतो. डॉक्टरांना सगळं विचारा, लाजू नका. रोग्याबरोबर असलेल्या माणसाला जेवू घाला. आणि आपल्या घरातलं कुणी तेजाबाचं काम करत असेल तर त्याला आजच सांगा, की पंखा थांबला तर उठायचं. सोनं कुणाचंही असो. मी आता दागिन्याकडे बघतो तेव्हा मला आधी तो धूर दिसतो. ज्या सिस्टर, डॉक्टर आणि बाकड्यावरच्या अनोळखी माणसांनी आम्हाला धीर दिला, त्यांची नावंही मला माहीत नाहीत. त्यांचे उपकार आहेत.

सकाळी डॉक्टरांनी मला आणि मायला आत बोलावलं. मशीन बंद होतं आणि आप्पांची छाती हलत नव्हती. सिस्टर नळी काढत होत्या. आप्पांच्या गालावर पट्टीचा वळ उमटला होता. माय पायाशी बसली. मी उशाशी उभा राहिलो.

खिशात फोन वाजला. शांताकाकू होत्या. मी काही बोलायच्या आत त्या आनंदाने ओरडल्या, "बठनं रे पोरा! रघुभाऊंनी तोलं बी. रतीभर कमी नही. आप्पासले सांग. नको, थांब, तू नको सांगू. फोन लाव त्यास्ना कानले. माले सांगू दे."

मी फोन आप्पांच्या कानाला लावला. खोली इतकी शांत होती की शांताकाकूंचा आवाज मायलाही ऐकू गेला.

"भाऊ, बठनं. सगळं बठनं. आते उठा तुम्ही."