घोडा छाप खंडोबा

घड्याळजीनं एका जागी बसावं अशी आपली समजूत. विश्रामबागेतला नियाज तांबोळी मात्र बसलेला त्याच्या बायकोनंसुद्धा क्वचितच पाहिलाय.

दुसऱ्या महायुद्धात सुटी नाणी गायब झाली, तेव्हा दुकानदारांनी आपापले पितळी बिल्ले काढले. मोड म्हणून तेच द्यायचे, तेच परत घ्यायचे. नियाज हे बिल्ले जमवतो. किराणावाल्यांचे आहेत, हाटेलवाल्यांचे आहेत. नव्हता तो सख्ख्या पणजोबांचा! अजमल तांबोळींचं पाटणला तपकिरीचं दुकान, बिल्ल्यावर छाप घोडेस्वाराची. सुमैरा, म्हणजे बायको, पाहुण्यांसमोर मुद्दाम विचारते, "तपकिरीबरोबर बिल्लेपण ओढले का हो पणजोबांनी?"

गेल्या चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी पाटणच्या ओळखीच्या सोनारानं मोबाईलवर फोटो धाडला. तिथल्या रंगूबाई नावाच्या आजींनी देवघरासाठी खंडोबाचा नवा चांदीचा टाक करून घेतला होता. जुना झिजलेला टाक उद्या कोयनेत सोडणार होत्या. जुन्याचा फोटो पाहिला आणि नियाजच्या हातातलं घड्याळ निसटलं. गिऱ्हाइकाचं होतं. मी सांगितलं म्हणून सांगू नका.

सकाळी एसटीत हा बसला कमी, उठला जास्त. कंडक्टरनं हळूच विचारलं, "पोट बिघडलंय का?"

नदीवर पोचला तर रंगूबाई गुडघाभर पाण्यात, हातातल्या ताम्हणात हळदीनं माखलेला घोडेस्वार.

"आजी, थांबा! त्यो देव न्हाई, आमच्या पणजोबाच्या दुकानाचा बिल्ला हाय. मागं नाव असंल बघा!"

घोड्यावर बसलाय म्हणजे खंडोबाच, असं धरून त्या घरानं तो देव्हाऱ्यात बसवला होता. म्हातारीनं टाक उलटून डोळ्यांशी नेला. अक्षरं होती.

"मग सासूबाईंपास्नं आमी हळद वाहिली कुणाला? तुझ्या पणजाला?"

तिच्या ओल्या बोटांवरनं नियाजची नजर हलेना. एवढ्यात रंगूबाई खुदकन हसल्या.

"देवाला पाण्यात सोडत्यात रं. माणसाला घरी न्यावं. घे तुझा पणजा."

आता बिल्ला घरी आहे, पण अल्बममध्ये नाही. सालाचे आकडे हळदीखाली दडलेत आणि ती धुवायला नियाजचा हात होत नाही. दर रविवारी पाटणहून फोन येतो, "पणजा बरा हाय न्हवं?"

"बरा हाय, आजी," हा उभ्याउभ्या सांगतो. मग कपाट उघडतो, बघतो, लावतो. आणि पुन्हा उघडतो.