पॅरिसच्या खुर्चीचं पॉलिश

माझा नवरा दुबईत एका इंटिरियर कंपनीत साइट इंजिनियर होता. एका व्हिलाचं रिनोव्हेशन चालू असताना तिथल्या वयस्क फ्रेंच बाई सगळं आवरून मायदेशी निघाल्या होत्या. स्टोअररूममध्ये पडलेली एक खुर्ची त्यांनी त्याला देऊन टाकली. काळपट लाकूड, गोल पाठ, फाटलेलं चामडं आणि पॉलिशला सगळीकडे बारीक तडे.

डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या बाल्कनीत वीकेंडला बसून त्याने ती घासायला घेतली. जुनं पॉलिश पार काढून टाकलं, मग लाखेच्या नव्या पॉलिशचे एकावर एक हात दिले. वासाने डोकं उठायचं. लेक नाक दाबून म्हणायची, "बाबा, इट स्टिंक्स," आणि तो हसायचा.

पाठ चकाकायला लागल्यावर सीटखालचे पट्टे बदलायला त्याने खुर्ची उलटी केली, तेव्हा लाकडात उमटवलेलं एक नाव दिसलं. फोनवर शोधलं तर ते दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या पॅरिसच्या एका डिझायनरचं निघालं. त्याच्या वस्तू आता म्युझियममध्ये होत्या. त्या संध्याकाळी नवऱ्याने कुणालाच खुर्चीवर बसू दिलं नाही.

त्याच हिवाळ्यात त्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी फार आशा दाखवली नाही. पडल्यापडल्या तो खुर्चीबद्दलच बोलायचा. लेकीला सांगायचा, ही तुझ्या कॉलेजसाठी आहे.

त्याच्याच आग्रहाखातर मी जुन्या फर्निचरच्या एका डीलरला घरी बोलावलं. म्हातारे लेबनीज गृहस्थ होते. हॉलमध्ये गुडघे टेकून त्यांनी खालचं नाव पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. मग पाठीवरून तळहात फिरवला, उजेडात लाकूड निरखलं. शेवटी हळू आवाजात म्हणाले, खुर्ची अस्सल आहे, पण मूळचं पॉलिशच गेलंय. कलेक्टर लोकांना तेच हवं असतं. आता हिला कोण हात लावणार?

बेडरूमचं दार उघडंच होतं. मी त्यांना खुणेनेच आत चला म्हटलं.

ते पलंगाशेजारी बसले. खोटं काही बोलले नाहीत, आणि पॉलिशचा विषयही काढला नाही. असलं लाकूड कुठून यायचं, खुर्च्या कुणाच्या घरी जायच्या, ते सांगत राहिले. नवरा लहान मुलासारखा ऐकत होता. निघताना त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "हबीबी, काम फार मनापासून केलंयस," एवढंच म्हणाले.

त्यांना लिफ्टपर्यंत सोडून मी परत आले, तर नवरा छताकडे बघत होता.

"मी ऐकलं," तो म्हणाला. "पॉलिश काढायला नको होतं ना गं?"

मी त्याच्या पायांवरची चादर सारखी केली.

"लेकीला सांगू नकोस," तो म्हणाला.

पुढे थोड्याच दिवसांत तो गेला. मला शारजात नोकरी मिळाली, आम्ही तिकडे छोट्या घरात राहायला गेलो. खुर्ची बरोबर नेली. लिफ्ट बंद होती, तेव्हा शेजारच्या, मूळ रत्नागिरीकडच्या भाईंनी आणि त्यांच्या भावाने ती जिन्याने वर चढवली.

लेकीची बारावी झाली तेव्हा ती आपणहून म्हणाली, "आई, वी कॅन सेल द चेअर नाऊ. बाबा सेड सो." मग मात्र मला गप्प राहवेना. डीलर काय म्हणाले होते, ते सगळं मी तिला सांगितलं.

तिने एकच विचारलं, "डिड बाबा नो दॅट?"

"हो," मी म्हटलं.

बाप गेला तेव्हा ती रडली नव्हती. सगळ्यांना चहा देत फिरत होती. आता ती त्या खुर्चीत जाऊन बसली, पाय वर घेतले, आणि खुर्चीच्या हातावर डोकं टेकून रडायला लागली. मी खाली जमिनीवर तिच्या शेजारी बसून राहिले.