बैलाच्या शेपटीचा केस

आमच्या गाडीचा कार्बोरेटर महिन्या-दीड महिन्याला चोंदायचा आणि तो चोंदला की मला मनातून बरं वाटायचं. त्याशिवाय माझे वडील आणि आबा एका अंगणात बसत नसत.

आबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. लासुर्ण्यात त्यांचं आणि आमचं घर एकाच रानाच्या दोन टोकांना होतं, मधे डाळिंबाची बाग. आबा कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, तिथूनच निवृत्त झाले. वडील शेती बघायचे आणि टोमॅटो-वांगी घेऊन इंदापूरच्या बाजाराला जायचे. गाडी म्हणजे दोन स्ट्रोकची जुनी मोटरसायकल, आम्ही घेतली तेव्हाच दोन मालक बघितलेली. नव्वद सालानंतर आजूबाजूला नव्या गाड्या दिसायला लागल्या, तरी आमची तीच धूर सोडत चालली होती.

दोघा भावांचं बोलणं बंद झालं ते लग्नपत्रिकेवरून. माझ्या थोरल्या बहिणीच्या पत्रिकेत मामांची नावं आली, आत्यांच्या यजमानांची आली, गावातल्या चार पुढाऱ्यांचीसुद्धा आली. आबांचं तेवढं राहिलं. छापखान्यात एक ओळ गळाली होती. पण कळेपर्यंत पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि आमच्याकडे पत्रिका हातात पडली की माणूस तारीख नंतर बघतो, आधी स्वतःचं नाव शोधतो. आबा लग्नाला आले. बुद्धवंदनेला पुढं बसले, पंगतीत बुंदी वाढली, पाहुण्यांना हात जोडून वाटेला लावलं. दुसऱ्या दिवसापासून वडिलांशी अबोला.

"दादा, चुकलं माझं," एवढं वडिलांनी म्हटलं असतं तर आबा तिथंच विरघळले असते. आई रोज सांगायची. वडिलांचं उत्तर ठरलेलं, "चूक छापणाऱ्याची. मी का म्हणू?"

मग एके दिवशी गाडी बंद पडली. वडिलांनी ती ढकलत बागेच्या कडेनं आबांच्या अंगणात नेली, स्टँडला लावली आणि तोंड रानाकडं करून उभे राहिले. आबा बाहेर आले. गाडीकडं बघितलं, भावाकडं नाही. आत जाऊन पान्यांची पिशवी आणि जर्मनची परात घेऊन आले. मी वडिलांच्या मागून गेले होते, म्हणून दोघांनाही माझा आधार झाला.

"विचार तुज्या बापाला, चढाला झटकं देती का."

"सांग त्यांला, चढालाबी देती आन् सपाटीलाबी देती."

दोघांच्या मधे हातभर अंतर. मी कॉलेजला जाणारी मुलगी, पोस्टमनसारखी इकडचं तिकडं करत बसलेली. सुरुवातीला हसू यायचं, नंतर सवय झाली.

आबांचं काम बघत राहावं असं होतं. कार्बोरेटर काढून ते परातीत पेट्रोलमध्ये धुवायचे. खालची वाटी उघडली की तळाला तांबूस गाळ असायचा. तो बोटावर घेऊन बघायचे आणि म्हणायचे, "कचरा हाय." वाटीत तरंगणारा पोकळ फ्लोट कानाशी हलवून आत पेट्रोल शिरलंय का ते ऐकायचे. मग जेट. पितळेचा नखाएवढा तुकडा, त्याला सुईच्या टोकाएवढं भोक. त्यात तार घालायची नाही, हा आबांचा नियम. तारेनं भोक मोठं होतं आणि गाडी विनाकारण पेट्रोल प्यायला लागते. त्यासाठी ते गोठ्यात जाऊन बैलाच्या शेपटीचा एक राठ केस उपटून आणायचे. बैल पाय आपटायचा. केस जेटमधून ओढून घेतला, तोंडानं फुंकर मारली, उन्हाकडं धरून पलीकडचं बघितलं, की झालं.

एकदा फ्लोटची बारीक पिन मातीत पडली. आबा परातीत शोधत होते. वडिलांनी ती उचलली, पुसली आणि परातीच्या काठावर ठेवली. मग पुढं लागणारा स्क्रू पण काढून शेजारी ठेवला, कुणी न मागता. माझ्या ते लक्षात आलं, पण त्याचा अर्थ लागला नाही.

गाडी चालू झाली की चुलती चहा आणायची. दोघं चहा संपेपर्यंत बसायचे. बोलायचे नाहीत, पण बसायचे. उठताना आबा मला म्हणायचे, "पुन्हा बंद पडली तर घिऊन या म्हणावं."

असं दोन-अडीच वर्षं चाललं. मग बारामतीला माझी परीक्षा होती, त्या दिवशी गाडी वाटेतच बसली. वडिलांनी किका मारून मारून शर्ट भिजवला. शेवटी उसाच्या ट्रॅक्टरला हात करून मला पुढं पाठवलं. मी पोचले तेव्हा पेपर सुरू होऊन बराच वेळ झाला होता. बाहेर आले तर वडील फाटकाशी गाडी घेऊन उभे. बारामतीच्या एका गॅरेजात त्यांनी टाकी उतरवून घेतली होती. मेकॅनिकनं आत बारीक खडी आणि रॉकेल घालून टाकी खळखळून धुतली, आतला सगळा गंज काढला आणि पेट्रोलच्या नळीत फिल्टर बसवला.

"आता चोंदायची न्हाय," वडील म्हणाले. चेहरा पडलेला. मला वाटलं, माझ्या पेपरची चिंता करतायत.

गाडी खरंच चोंदली नाही. पावसाळा गेला, हिवाळा गेला. वडील बाजारावरून येताना आबांच्या घरासमोर गाडी हळू करायचे, आणि ती इमानेइतबारे चालतच राहायची. आबा अंगणात बसलेले दिसायचे. मान वर करायचे, आवाज ऐकायचे, मान खाली घालायचे. मला त्या मेकॅनिकचा राग यायचा, म्हणजे बघा.

त्या उन्हाळ्यात आबा गेले. सकाळी गोठ्यात बैलाला वैरण टाकताना खाली बसले आणि उठलेच नाहीत. वडील धावत गेले. सगळ्यांसमोर त्यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलले. काय ते मला ऐकू आलं नाही. आबांनाही नाही.

त्यानंतर बरेच दिवस गाडी जागेवर उभी राहिली. कुणाला बाजाराला जायचं सुचत नव्हतं. वडिलांनी चालू करायला घेतली तर होईना. उभ्या गाडीत पेट्रोल उडून जातं आणि त्यातलं ऑइल जेटमध्ये चिकट होऊन बसतं, हे मला आबांनीच कधीतरी सांगितलं होतं. वडील ओट्यावर बसले. कार्बोरेटर काढला, वाटी उघडली, फ्लोट कानाशी हलवून बघितला, जेट सोडवला. एकदाही हात अडखळला नाही. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. जेट उन्हाकडं धरून ते उठले आणि बागेतून आबांच्या गोठ्याकडं निघाले. आमच्याकडं बैल नव्हता.

मी मागोमाग गेले. चुलती दारात होती. तिनं त्यांच्या हातातला जेट बघितला.

"घ्या भावजी, केसच पायजे ना? बैल हाय तितंच." मग म्हणाली, "मी ह्यांला किती येळा म्हणलं, टाकी गंजलीय तर धुऊन द्या की एकदाची. तर म्हणायचे, धुतली तर गाडी हितं कशाला यील?"

वडील गोठ्याच्या मेढीला धरून उभे राहिले.

"वयनी, मला येत हुतं हे समदं. दादानंच शिकवलं हुतं, पोरीच्या लग्नाच्या आधी."

"व्हय?" चुलती म्हणाली. "मग हे त्यांला सांगायचं हुतं."

वडिलांनी बैलाच्या शेपटीचा केस काढला. बैलानं पाय आपटला. घरी येऊन त्यांनी जेट साफ केला, सगळं जागच्या जागी बसवलं. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. त्यांनी लगेच ती बंद केली आणि परत ओट्यावर येऊन बसले.